खोलीला चाकं

"दार लावून घे आणि हितं बस," श्रीपती म्हणाला. "वत्सलाच्या कानावर जाता कामा नये."

मी दार लावलं. तोंडाला मास्क, पायात त्यांच्याच घरातल्या वेगळ्या सपाता, अशा सोंगात मी स्टुलावर बसलो. नवरात्र नुकतंच उठलं होतं, बाहेर छान ऊन पडलं होतं, आणि या माणसाच्या खोलीच्या खिडक्या मात्र गच्च बंद. भिंतीला एक हूक, हुकाला पाण्याची पिशवी, खाली पलंगावर हा.

"मला रण बघायचंय," तो म्हणाला. "कच्छचं. ते पांढरं. तेवढं एकदा बघितलं की बास. मग ह्या पिशव्या बंद."

"बंद म्हंजे?"

"बंद म्हंजे बंद. बंदला काय दुसरा अर्थ असतोय व्हय, मर्दा?"

श्रीपतीच्या दोन्ही किडन्या कामातनं गेल्या होत्या. बेंबीशेजारी पोटात एक नळी बसवलेली. औषधाच्या पाण्याची पिशवी कोमट करायची, वर टांगायची, पाणी पोटात सोडायचं आणि काही तासांनी ते खालच्या रिकाम्या पिशवीत काढायचं. रक्तातली घाण त्या पाण्याबरोबर बाहेर. दिवसातनं तीन-चार वेळा हे चालायचं आणि सगळं वत्सलावहिनी करायच्या. पिशव्या बंद म्हणजे थोड्या दिवसांचा खेळ, हे त्याला माहीत होतं आणि मलाही.

आम्ही दोघं मिरजेत ट्रकच्या बॉड्या बांधत होतो. लाकूड त्याचं, लोखंड माझं. तो सुतार, मी शिकलगार. शेडच्या पाटीवर कुणाचं नाव आधी यावं यावरून एकदाच काय ते भांडण झालं, मग आम्ही पाटीच लावली नाही. आमच्या बॉड्या काश्मीरला गेल्या, आसामला गेल्या. आम्ही मात्र पुण्याच्या पलीकडं कधी गेलो नाही. एखादी जुनी बॉडी दुरुस्तीला आली की श्रीपती तिच्या तळाच्या फळ्यांतल्या फटी उकरायचा. चहाची पानं निघायची, सफरचंदाची वाळकी देठं निघायची. मग ड्रायव्हरला चहा पाजून विचारत बसायचा, तिथं डोंगर कसा, माणसं काय खातात, रस्त्याला वळणं किती. एकदा मिठाचा ट्रक आला. मिठानं त्याचं लोखंड पार खाल्लं होतं. त्या ड्रायव्हरनं सांगितलं की आम्ही माल भरतो तिथं जमीन पांढरी असते आणि ती संपतच नाही. झालं! तेव्हापासून या गड्याच्या डोक्यात रण बसलं ते बसलं.

नळी बसवल्यावर सुरुवातीला हा पिशवी घेऊन शेडवर यायचा. एकदा करवतीशेजारीच बसून पिशवी बदलली. भुसा उडत होता. पोटात जंतू गेले, ताप चढला, मरता मरता वाचला. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "फिरा, काम करा, कुठंही जा. पण पिशवी बदलायची जागा देवघरासारखी ठेवा. पुन्हा असं झालं तर पोटातनं रक्त साफ करायचा हा मार्ग कायमचा बंद होईल." त्यातलं 'फिरा, काम करा' यानं ऐकलंच नाही. देवघर तेवढं ऐकलं आणि खोलीत जाऊन बसला तो बसलाच. अंगणातसुद्धा येईना.

आणि आता म्हणे रण.

"अरे शाण्या, मिरजेतली धूळ तुला सोसंना, आणि कच्छात जाऊन काय करणार?" मी म्हणालो.

"ते तू बघ. गाड्या तू बांधतोस."

मला तरी त्या वेळी काय सुचायचं? नाही म्हणालो असतो तर त्यानं उद्याच पिशवी भिंतीवरनं काढून फेकली असती. इतका हेकट माणूस मी दुसरा बघितला नाही. म्हणून मी म्हणालो, "मग ही खोलीच घेऊन जाऊ. खोलीला चाकं लावू. पण बांधायला वेळ लागंल हां."

"लागू दे. रण काय पळून जातंय?"

माझा हिशेब साधा होता. काम लांबवायचं. वेळ गेला की माणसाचं मन बदलतं.

माझ्या मेव्हण्याकडं भाजी वाहायची एक जुनी पिकअप नुसती उभी होती. ती आणली, मागचा हौदा उतरवला आणि चौकोनी पाईपचा सांगाडा उभा केला. बाहेरनं पत्रा, आतनं प्लायवूड, त्यावर पांढरा सनमायका. आत एक पलंग, त्याच्या पोटात पिशव्यांची खोकी. हात धुवायला पायानं दाबायचा पंप, पिशवी कोमट करायला बॅटरीवर चालणारी पेटी, छताला हूक. मागं एक दार, बाजूला दोन सरकत्या खिडक्या. ड्रायव्हरच्या केबिनच्या मागच्या काचेसमोर आतल्या खोलीलाही तेवढीच काच ठेवली. म्हणजे पुढं बसून आतलं दिसावं.

वत्सलावहिनी एक दिवस डबा घेऊन शेडवर आल्या, आत चढल्या आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"भावजी, हे कोपरे कुणी काढले?"

"मी काढले. का? काटकोनात हायत की!"

"काटकोनात घाण बसती. माझी बोटं जात न्हाईत तितं. गोल करा."

"वहिनी, प्लायवूड गोल होतंय व्हय?"

"पातेलं गोल होतंय, परात गोल होती. तुम्हाला एक खोली गोल करता यीना?"

केली बाबा गोल. ॲल्युमिनियमची पट्टी ठोकून ठोकून वाकवली आणि प्रत्येक कोपऱ्यात बसवली. वहिनींनी पदराचं टोक फिरवून बघितलं तेव्हा कुठं त्यांनी मला डबा दिला.

बॉडी उभी राहिली. आता धुळीची परीक्षा. वहिनींनी त्यांची जुनी काळी चंद्रकळा पलंगावर पसरली, मी दारंखिडक्या लावल्या आणि गाडी खडीच्या खाणीच्या रस्त्याला घातली. तो रस्ता म्हणजे नुसता पिठाचा. टायर बुडतात त्यात. एक फेरी मारून आलो, दार उघडलं आणि कपाळाला हात लावला. राखेत लोळलेल्या गाढवागत साडी पांढरी झाली होती.

ती तशीच घडी करून मी श्रीपतीच्या दारात नेली. म्हणालो, बघ, जमत नाही, आता नाद सोड. मनातनं मला वाटत होतं की बरं झालं. तर हा मास्क बांधून उठला आणि अंगणात आला! इतक्या महिन्यांनी अंगणात आला आणि ऊन डोळ्यांवर येतंय म्हणून माझ्यावरच खेकसला.

"दाराला रबर कुठलं लावलंस?"

"चांगलं लावलंय."

"चांगलं आसतं तर साडी अशी झाली आसती व्हय? दुहेरी लाव."

दुहेरी लावलं. पुन्हा खाणीचा रस्ता, पुन्हा साडी, पुन्हा राख. सांध्यांत सिलिकॉन भरलं. दाराला बाहेरनं आणखी एक झडप केली. धूळ वाढलीच! आम्हा बॉडीवाल्यांचा जन्म पावसाशी भांडण्यात जातो. साखर भिजली, खत भिजलं की मालक आईबहिणीवर येतो. पाऊस येतो पुढनं आणि वरनं, म्हणून पुढची बाजू आणि टप आम्ही असा बंद करतो की मुंगीनं परत फिरावं. ही गाडीही तशीच केली होती. पावसाचा थेंब आत येत नव्हता. धूळ मात्र मागनं यायची, आणि मागची बाजू जितकी बंद करावी तितकी बारीक होऊन यायची, मैद्यासारखी.

श्रीपती आता रोज शेडवर यायला लागला. फाटकाशी लांब खुर्ची टाकून, तोंड बांधून बसायचा आणि तिथनं ओरडायचा. मी इकडनं ओरडायचो.

"तुझं वेल्डिंगच वाकडं हाय!"

"तुझं लाकूड फुगलंय, वेल्डिंगला नावं ठेवतंय!"

"माझं लाकूड? ह्या हातानं बांधलेल्या बॉड्या आजून पळायल्यात!"

"मग ह्या हातानंच हिची धूळ थांबव की!"

पिशवीची वेळ झाली की वहिनी त्याला ओढून घरी न्यायच्या. जाता जाता तो दाराकडं बघत राहायचा, आणि मी त्याच्याकडं. गालावर रंग आला होता. मी मनात म्हणायचो, या अल्ला, ही धूळ अशीच येऊ दे, वर्षभर येऊ दे.

पण मीही शेवटी कारागीर. असं रोज हरणं कुणाला सोसतं? एके दिवशी साडी पुन्हा पांढरी निघाली आणि माझं डोकं फिरलं. रबराचं अख्खं बंडल उचलून मी गटारात फेकलं.

आमच्या शेडची एक रीत होती. बॉडी पुरी झाली की श्रीपती नारळ फोडायचा आणि मी धुपाटण्यात ऊद घालून तिच्या आत फिरवायचो. दोन्ही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही. ही तर पुरी झालीच नव्हती. तरी मी निखारे पेटवले.

"हे काय रं?" श्रीपतीनं खुर्चीतनं विचारलं.

"हिला बाधलंय कायतरी. ऊद दाखवतो. दाखवतो कशाला, आतच ठेवून हिंडवतो. घुसमटून निघून जाईल जे काय आसंल ते."

"मीबी येतो."

"तू? धुळीत?"

"पुढं बसतो. काचा वर करून. तोंड बांधलंय न्हवं?"

वहिनी नको नको म्हणत राहिल्या आणि हा केबिनमध्ये चढून बसलासुद्धा. मी घमेल्यात वाळू भरली, वाळूत धुपाटणं रोवलं, घमेलं खोलीच्या मधोमध पक्कं अडकवलं, दार लावलं आणि निघालो.

खाणीच्या रस्त्याला लागलो. गाडीच्या मागं धुळीचा असा लोट उठला की आरशात दुसरं काही दिसेना. श्रीपती मान वळवून मधल्या काचेतनं आत बघत होता. आणि एकदम ओरडला, "दस्तगीर! थांबू नगंस! चालव, चालव!"

"काय झालं?"

"धूर पुढं यायलाय!"

"म्हंजे?"

"आरं, धूर मागं जायला पाहिजे का न्हवं? त्यो पुढं यायलाय! मागल्या दारापासनं सरळ रेघ धरून पुढं यायलाय आणि खिडक्यांच्या फटीतनं भाईर पळायलाय!"

मी एका हातानं स्टीअरिंग धरून मागं बघितलं. खरंच! ऊदाची निळी दोरी कुणीतरी मागच्या दारातनं पुढं ओढत होतं. पुढं येऊन ती दोन्ही बाजूंना फुटायची आणि सरकत्या काचांच्या फटीतनं नाहीशी व्हायची. हवा म्हणजे काय हे आम्हाला जन्मात कधी दिसलं नव्हतं. रोज तिच्यातच उठत-बसत होतो, आणि ती आज पहिल्यांदा डोळ्यांपुढनं चालत गेली.

मी गाडी उभी केली.

मग श्रीपती हळू आवाजात म्हणाला, "गाडीला तहान लागती, दस्तगीर. पळताना बाजूचा वारा हिच्या आतली हवा वढून नेतोय. मग ही दुसरी हवा मागती. पुढनं हिचं तोंड आपण शिवून टाकलंय. मग ही मागनं पिती, आणि मागं काय? धूळ."

"मग मागनं आणखी आवळायचं?"

"आवळून बघितलं की! तहानेला आवळून भागतंय व्हय? हिचं तोंड उघडायचं. पुढं, टपावर, वाऱ्याच्या समोर भोक पाडायचं."

मी त्याच्याकडं बघतच राहिलो. "श्रीपा, तुझं डोकं ठिकाणावर हाय? उभी हयात आपण पुढची भोकं बुजवण्यात घातली. आणि आता वारा जिथं थापड मारतोय तितंच भोक पाडू?"

"पाड."

"धूळ थांबवायला भोक?"

"तू आधी पाड रं! न्हाई जमलं तर माझ्या नावानं शिव्या दे."

दुसऱ्या दिवशी मी टपावर चढलो. श्रीपतीनं खालून सांगितलं त्या मापानं खूण केली आणि ग्राइंडर हातात घेतला. आपल्याच हातानं बंद केलेल्या टपाला आपणच भोसकायचं म्हणजे पोटच्या पोराचे कान कापल्यासारखं. डोळे मिटले आणि कापलं. भोकावर पुढं तोंड केलेलं एक झाकण बसवलं, पाऊस अडेल आणि वारा शिरेल असं. वारा गाळायला काय बसवावं याचा विचार करत होतो, तर वहिनी म्हणाल्या, "ट्रकच्या इंजिनाला गाळून हवा देता न्हवं तुम्ही? मग माझ्या माणसाला का देत न्हाई?" ट्रकचा एक नवाकोरा एअर फिल्टर आणून त्या भोकात घट्ट बसवला.

पुन्हा निखारे, पुन्हा ऊद, पुन्हा खाण. या वेळी केबिनमध्ये तिघंही दाटीवाटीनं बसलो होतो. गाडीनं वेग घेतला आणि धूर थबकला. जागच्या जागी गोल फिरला. आणि मग वहिनीच म्हणाल्या, "आगं बया! वळला!"

वळला तो. आमच्याकडं पाठ केली आणि मागं निघाला, आणि मागच्या दाराच्या फटीतनं आपल्या पायानं बाहेर पडला. बाहेर धुळीचा डोंगर उठलेला आणि आतनं हा एवढासा ऊदाचा धूर त्याला दारातनं मागं रेटतोय. आता आठवलं तरी मला खरं वाटत नाही.

शेडवर आल्यावर वहिनी एकट्या आत चढल्या. चंद्रकळेवरनं एक बोट ओढलं. बोट उजेडात धरलं. पुन्हा ओढलं, पुन्हा बघितलं. मग ते बोट त्यांनी आपल्या नवऱ्यासमोर धरलं. स्वच्छ!

श्रीपतीनं नारळ फोडला. मी ऊद फिरवला. शेजारच्या शेडवाल्यांना पेढे वाटले. आणि पेढा तोंडात असतानाच माझ्या लक्षात आलं की गाडी पुरी झाली. आता निघायचं. आणि रण बघितलं की, बास.

निघायच्या आदल्या दिवशी मी त्याला गाठलं. "श्रीपा, ते बोलणं तू आजून धरून हायस का?"

"कुठलं?"

"पिशव्यांचं."

तो गाडीच्या दाराची कडी उघडझाप करत होता. म्हणाला, "तू सबूद दिलास, तू पाळलास. आता मी दिलेला मला पाळू दे." आणि निघून गेला.

वाटेत आम्ही मुक्काम करत करत गेलो. पिशवीची वेळ झाली की झाडाखाली गाडी लावायची, वहिनी आधी सगळं पुसून घ्यायच्या, श्रीपती आत जायचा, दार बंद. मी बाहेर चहा उकळत बसायचो. वेळ झाली की वहिनींना त्याला हाक मारावी लागायची, एकदा नाही, दोनदा, तीनदा. "आवं, चला की! वेळ झालीया." हा तोंड वाकडं करून उठायचा. काढलेलं पाणी गढूळ दिसलं तर पोटात जंतू गेले, असं डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलेलं, म्हणून दर वेळी वहिनी ती पिशवी उजेडात धरायच्या, आणि माझा जीव टांगणीला लागायचा. गुजरातचे कच्चे रस्ते लागले, आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या, पण आतलं पाणी नितळच राहिलं.

आणि मग एका दुपारी रस्ता संपला.

कसं सांगू? मी गाडी थांबवली ती पुढं काही दिसेना म्हणून. दिसेना म्हणजे अंधार नव्हता, सगळा उजेडच होता. समोर पांढरं, डावीकडं पांढरं, उजवीकडं पांढरं. झाड नाही, घर नाही, दगड नाही. आभाळ कुठं टेकलंय तेही कळेना. माझ्या तोंडून 'सुभानअल्ला' निघालं ते आपोआप. वहिनी उतरल्या, खाली बघितलं आणि चपला काढून हातात घेतल्या.

"वहिनी, पाय कापतील. मीठ हाय ते."

"आसू दे. ह्याच्यावर चपला घालून कसं चालायचं?"

श्रीपती थोडं चालला, मग परत आला आणि आपल्या हत्यारांच्या पिशवीतनं लाकडी पाणसळ काढली. सुतार मयताला निघाला तरी बुडबुड्याची पट्टी बरोबर घेतो. तो गुडघ्यावर बसला, पाणसळ मिठावर ठेवली आणि वाकून बघितलं.

"मधी हाय," तो म्हणाला.

मी जवळ गेलो. बुडबुडा दोन रेघांच्या बरोबर मधोमध, हलत नव्हता. त्यानं पट्टी आडवी फिरवली. पुन्हा मधोमध.

"दस्तगीर, एक फळी लेव्हलला आणताना माझा घाम निघायचा. हे कुणी केलं असंल रं?" त्यानं मिठावरनं तळवा फिरवला. "कुणी रंधा मारला असंल?"

"मला इचारतोस? मी लोखंडवाला."

"त्याचा हात बघायला पाहिजे गड्या एकदा. हात कसा आसंल?"

तो उठला आणि पुढं चालायला लागला. थोडं जाऊन बसायचा, पट्टी ठेवायचा. "हितंबी मधी!" असा ओरडायचा. आणखी पुढं. "हितंबी!" मग आवाज ऐकू येईनासा झाला. मग नुसता ठिपका दिसायला लागला, बसणारा आणि उठणारा.

पिशवीची वेळ झाली. मी वहिनींकडं बघितलं. त्या गाडीला टेकून अनवाणी उभ्या होत्या.

"वहिनी, हाक मारा. वेळ झाली."

"आज मी मारणार न्हाई."

मला आधी कळलंच नाही. "म्हंजे?"

"भावजी, जो माणूस आंगणात यायला तयार नव्हता त्यो एकदम गुजरातला निघाला. मी काय दूधखुळी हाय? ह्यांनी मनात काय धरलंय ते मला तवाच कळलं."

"मग वहिनी, तुम्ही आडवलं का न्हाई? कोपरे गोल करून मागत बसला!"

"आडवून किती दिस आडवू? पिशवी मी टांगती, हात मी धुती, हाका मी मारती. जगायची ईर्षाबी मीच करायची व्हय? ती तर त्यांची त्यांनाच यायला पाहिजे." त्यांनी डोळ्यांना पदर लावला नाही, की आवाज चढवला नाही. "रणात आणून सोडलंय. आता ह्यांचं ह्यांनी बघू दे. मी हितं हाय."

आम्ही उभे राहिलो. वेळ टळायला लागली. मला हाक मारायची होती, पळत जाऊन त्याच्या मानगुटीला धरून आणायचं होतं, पण वहिनी हलत नव्हत्या, आणि त्या हलत नसताना मी कोण? एवढं भलंमोठं पांढरं आणि त्यात तो ठिपका. तो आता बसला होता, आणि उठत नव्हता. मी आयुष्यात इतका कधी घाबरलो नाही. वहिनींचे ओठ मात्र हलत होते. कुठल्या देवाचं नाव घेत होत्या कोण जाणे.

मग ठिपका उठला. वळला. आधी सावकाश आला, मग भराभरा, मग धोतराचा सोगा हातात धरून जवळजवळ पळत. चेहरा मिठानं आणि उन्हानं लाल झालेला. धापा टाकत जवळ आला आणि गरजला, "वत्सला! आगं वेळ कधीच टळली की गं! हाक मारायला काय झालं तुला?"

वहिनी नुसत्या बघत राहिल्या.

"बघतीस काय? पिशवी गरम केलीस का न्हाई?"

"करती," वहिनी म्हणाल्या. "आत्ता करती." आणि त्या चढल्या तेव्हा पायरी त्यांना सापडेना, मी हात दिला.

श्रीपती त्यांच्यामागं चढला. दार बंद झालं. मी एकटा त्या मिठावर उभा राहिलो आणि मोठा माणूस असून ढसाढसा रडलो. बघायला होतं कोण?

थोड्या वेळानं आतनं हाक आली. "दस्तगीर! हायस का रं?"

"हाय की!" मी डोळे पुसत म्हणालो.

"ऐक. बर्फाच्या मुलखात ही पिशवी रातभर कोमट कशी ठेवायची, त्याचा इचार करून ठेव."